क्रियापदाचे प्राथमिक अध्यापन : हिंगोली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठीच्या प्राथमिक अध्यापनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा लिपी, क्रमिक पुस्तके आणि शिक्षणाचे माध्यम यांकडे जाते. व्याकरणातील एखादा घटक लहान मुलांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. क्रियापदाच्या बाबतीत तो विचारण्याजोगा आहे. मराठी वाक्यातील लिंग, वचन, पुरुष, काळ आणि आदर या सर्वांचा भार क्रियापद वाहते. बोलणारे मूल कोणत्या भागातले, हेही पुष्कळदा त्याच्या क्रियापदावरूनच कळते. म्हणून शाळेने मुलाच्या तोंडातील क्रियापदाशी कसा व्यवहार केला, यावर त्या शाळेची भाषादृष्टी तपासता येते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, तर आग्नेयेस नांदेड. या स्थानामुळे मराठवाडी आणि वऱ्हाडी अशा दोन्ही वळणांची मराठी येथे कानी पडते. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते आणि गावागावांत दखनी वळणाची उर्दू आहे. दोन शतकांत या परिसराने तीन राजवटी आणि त्यांच्या शिक्षणपद्धती पाहिल्या. प्रस्तुत लेखात या बदलांमधून क्रियापदाचे अध्यापन कसे घडत गेले, याचा विचार केला आहे.

एका नदीचे दोन तीर

मराठी व्याकरणाचा विचार इंग्रजी अमदानीत सुरू झाला, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. महानुभाव पंथातील पंडित भीष्माचार्यांचा ‘पंचवार्तिक’ हा ग्रंथ त्यापूर्वी कित्येक शतकांचा आहे. परंतु तो मुलांसाठी नव्हता. शाळेतील मुलाच्या हाती देण्याजोगे व्याकरण एकोणिसाव्या शतकात तयार झाले आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे जाते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी संज्ञा संस्कृतातून घेतल्या. शब्दांच्या आठ जातींची चौकट मात्र इंग्रजी व्याकरणाची होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हा आजही फळ्यावर लिहिला जाणारा क्रम तेथूनच आला. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे व्याकरणविषयक निबंध आले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा बृहद्‌ग्रंथ आला. कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांची या मंडळींनी केलेली चर्चा आजही वाचनीय आहे. ती चर्चा प्रौढांची होती. मुलांपर्यंत तिचा अर्क व्याख्येच्या रूपाने पोहोचला : वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद. ही व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘आवडते’ या शब्दांत कोणती क्रिया दडली आहे, हे विचारण्याची सोय वर्गात क्वचितच असे.

हे सर्व मुंबई इलाख्यात घडत होते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर पैनगंगेच्या उत्तर तीरावरील सरकारी शाळांतही मराठीला स्थान मिळाले. दक्षिण तीरावरील हिंगोली मात्र निजामाच्या राज्यात राहिली. हैदराबाद कंटिंजंटची छावणी म्हणून तिची ख्याती होती, शिक्षणासाठी नव्हे. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. सुरुवातीच्या इयत्तांत मराठीला जागा असली, तरी वर चढणाऱ्या मुलाला उर्दूतूनच शिकावे लागे आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने ही वाट थेट पदवीपर्यंत नेली.

याचा व्याकरणाच्या दृष्टीने अर्थ काय, हे पाहण्यासारखे आहे. पैनगंगेच्या अलीकडे वरच्या वर्गात गेलेला मुलगा क्रियापदाला ‘फेल’ म्हणे, कर्त्याला ‘फाइल’ आणि कर्माला ‘मफऊल’. भूत, वर्तमान आणि भविष्य यांऐवजी माजी, हाल आणि मुस्तकबिल. या संज्ञा अरबी व्याकरणाच्या. पलीकडच्या तीरावरील त्याचा मामेभाऊ इंग्रजी चौकटीत बसविलेल्या संस्कृत संज्ञा घोकत असे. दोघेही घरी एकाच वळणाची मराठी बोलत. एकाच बोलीच्या क्रियापदाला नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या परदेशी साच्यांची नावे मिळाली होती आणि दोन्ही नावांचा घरच्या बोलण्याशी फारसा संबंध नव्हता.

या ओढाताणीची जाणीव कोणाला नव्हती असे नाही. मौलवी अब्दुल हक हे हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्यात होते; औरंगाबाद ही त्यांची दीर्घकाळ कर्मभूमी. १९१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘कवायद-ए-उर्दू’ मध्ये त्यांनी उर्दू ही हिंदुस्थानी मातीतील भाषा असून तिचे व्याकरण अरबीच्या पट्टीने मोजणे योग्य नाही, अशी भूमिका घेतली. मराठीत हाच प्रश्न पुढे अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी संस्कृत व इंग्रजी वळणांच्या संदर्भात उपस्थित केला. मराठवाड्यात बसून लिहिणारा उर्दूचा पंडित आणि पुण्यातील मराठीचे पंडित एकाच दुखण्यावर बोट ठेवत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली गेलेली नाही.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर चित्र पालटले. शिक्षणाचे माध्यम प्रादेशिक भाषांकडे वळले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या गुरुजींनी स्वतः ‘माजी’ आणि ‘हाल’ शिकून परीक्षा दिल्या होत्या, त्या पिढीला आता ‘भूतकाळ’ आणि ‘वर्तमानकाळ’ शिकवायचे होते. या संक्रमणाचा इतिहास शिक्षकांच्या आठवणींतून गोळा होण्याजोगा होता. ती पिढी आता जवळजवळ मावळली आहे.

काना नसलेले आज्ञार्थ

२७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले आणि हिंगोलीचे मूल व पुण्याचे मूल एकच पुस्तक वाचू लागले. समानतेच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लिपी शिकविण्याच्या रूढ क्रमाचा क्रियापदावर जो परिणाम झाला, त्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

मराठी वाचन पारंपरिक पद्धतीने काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून सुरू होते. नामे पुष्कळ मिळतात : घर, नळ, गवत, मगर. वाक्य करायचे तर क्रियापद हवे आणि काना-मात्रा नसलेले क्रियापद मराठीत जवळजवळ एकाच रूपात सापडते. बघ, कर, बस, चल, धर, पळ, उचल. ही सारी द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञार्थाची रूपे. ‘खातो’ मध्ये काना आणि ओकार आहे, ‘गेली’ मध्ये मात्रा आणि वेलांटी आहे. त्यांना थांबावे लागते. परिणामी मराठी मुलाने छापील अक्षरांत वाचलेले पहिले क्रियापद म्हणजे कोणीतरी त्याला दिलेली आज्ञा असते. हा निर्णय क्रियापदाचा विचार करून कोणी घेतलेला नाही. तो बाराखडीने घेतला.

व्याकरणदृष्ट्या या योगायोगात एक सोयही आहे. मराठीत आज्ञार्थाचे हे रूप आणि धातू बहुतेक ठिकाणी एकच असतात. ‘करणे’ मधील ‘णे’ काढल्यावर उरणारा ‘कर’ मुलाला आधीच ठाऊक असतो. चौथी-पाचवीत धातू शिकविताना या ओळखीचा उपयोग झाला असता, तर ‘धातू म्हणजे मूळ रूप’ हे वाक्य पाठ करण्याची गरज उरली नसती. प्रत्यक्षात पहिलीचे वाचन आणि पुढील इयत्तांचे व्याकरण हे दोन स्वतंत्र कप्पे राहिले.

तोट्याची बाजू अधिक गंभीर आहे. सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते सांगण्यासाठी. गाय व्याली, बाप रात्री उशिरा आला, नदीला पाणी आले. त्याची जिवंत क्रियापदे भूतकाळात असतात आणि भूतकाळ हा मराठीचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. ‘मुलगा भाकर खातो’ मध्ये क्रियापद मुलाच्या मागे जाते, ‘मुलाने भाकर खाल्ली’ मध्ये भाकरीच्या. हे प्रयोगाचे सूत्र कोणी न शिकविता मूल घरी आत्मसात करते. बसला, उठला या धर्तीवर ते कधी ‘केलं’ ऐवजी ‘करलं’ म्हणते. त्यावर हसण्यापेक्षा त्याने भूतकाळाचा नियम शोधून काढला आहे, हे ओळखणे शिक्षकाचे काम. एवढी सामग्री घेऊन आलेल्या मुलासमोर शाळा ‘बस’ आणि ‘बघ’ ठेवते.

केलं, केलें आणि केले

लेखनाचा प्रश्न निराळा, पण येथे टाळता येत नाही. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत ‘केलें’, ‘करूं’, ‘जावें’ असे अनुस्वार असत. ते उच्चारात नव्हते, व्युत्पत्तीच्या आधाराने टिकले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले आणि प्राथमिक शाळेतील मुलांच्या डोक्यावरील मोठे ओझे उतरले. मराठवाड्यातील शिक्षकांच्या दृष्टीने ही वेळ सोयीची ठरली, कारण मराठी माध्यम नुकतेच स्थिरावत होते.

मात्र एक दरी तशीच राहिली. सर्वसाधारण लेखनात ‘असे केले’ लिहावे आणि बोलण्याचे चित्रण करताना ‘असं केलं’ चालावे, असा हा नियम. हिंगोलीचे मूल ‘केलं’ म्हणते. पुण्याचे मूलही ‘केलं’च म्हणते. निबंधाच्या वहीत दोघांनीही ‘केले’ लिहायचे असते. प्रमाणभाषाही कोणाच्या तोंडात जशीच्या तशी नसते, हे शिक्षकाला वर्गात दाखवून देता येईल असे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

करायलाय आणि करून राहिला

हिंगोलीच्या मुलाची खरी अडचण वेगळ्या जागी सुरू होते. प्रमाण मराठीतील ‘तो काम करत आहे’ या अपूर्ण वर्तमानकाळासाठी मराठवाड्यात ‘तो काम करायलाय’ असे म्हटले जाते. पैनगंगेपलीकडे, आणि सीमेवरील काही गावांत अलीकडेही, ‘करून राहिला’ हे वऱ्हाडी रूप येते. मराठवाड्याच्या आग्नेय टोकाला ‘मी काम केलो’ अशी रचना आढळते. तेथे भूतकाळी क्रियापद कर्माला सोडून कर्त्याच्या मागे जाते. ही रूपे आळसातून किंवा अज्ञानातून झालेली नाहीत. करायलोय, करायलास, करायलाय, करायलीय, करायलेत : पुरुष, लिंग आणि वचन यांनुसार हे रूप प्रमाण रूपाइतक्याच शिस्तीने चालते.

या शिस्तीची नोंद मात्र फार उशिरा होऊ लागली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणी आणि वऱ्हाडी यांसह कितीतरी बोलींचे नमुने आहेत, पण हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले. नदीच्या उत्तरेचे क्रियापद ग्रंथात गेले, दक्षिणेचे गेले नाही. ज्या बोलीची रूपावली कोणत्याही पुस्तकात नाही, ती अशुद्ध ठरविणे सोपे जाते. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात क्रियापदाच्या अशा रूपांचे जिल्हावार भेद ध्वनिमुद्रणांसह नोंदले गेले आहेत. शिक्षक प्रशिक्षणात या सामग्रीचा उपयोग करण्यासारखा आहे.

शाळेत ‘करायलाय’ चे काय होते? बहुधा लाल रेघ. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो; मुलगा उद्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार, तेथे ‘काळ ओळखा’ असा प्रश्न येणार, हे त्याला माहीत असते. परंतु रेघ मारताना ‘करायलाय’ हाच अपूर्ण वर्तमानकाळ आहे, हे सांगायचे राहून जाते. मुलाला काळ येत असतो, त्याचे नाव येत नसते. त्याच्या वहीवरील शेऱ्यातून मात्र त्याला भाषाच येत नाही असा अर्थ निघतो. काही मुले मग वर्गात बोलणे कमी करतात. चुकण्याची शक्यता प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभी असेल, तर वाक्य सुरू न करणे शहाणपणाचे वाटते.

तांड्यावरून आलेल्या मुलाचा प्रश्न आणखी एक पायरी पुढचा आहे. खा, पी, कर असे धातू गोरमाटीत आणि मराठीत मिळतेजुळते आहेत. पण गोरमाटीतील सहायक क्रियापद ‘छ’ चे आहे आणि ‘आहे’, ‘आहेस’, ‘आहेत’ ही रूपे त्या मुलाला नव्याने शिकावी लागतात. त्याच्या दृष्टीने ‘करायलाय’ आणि ‘करत आहे’ ही दोन्ही परभाषेचीच रूपे. वर्गमित्रांकडून तो पहिले शिकतो, पुस्तकातून दुसरे, आणि दोहोंत भेद आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

कृतीतून क्रियापद

क्रियापद व्याख्येने शिकवू नये, ते करून दाखवावे, हा विचार जगात जुना आहे. फ्रान्समधील लॅटिनचे शिक्षक फ्रान्स्वा ग्वँ जर्मन शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेले; व्याकरण आणि अनियमित क्रियापदांच्या याद्या पाठ करूनही त्यांना लोकांचे बोलणे समजेना. घरी परतल्यावर त्यांचा लहान भाचा पिठाची गिरणी पाहून आला आणि तेथे काय काय झाले ते क्रमाने सांगू लागला. त्या सांगण्याचा कणा क्रियापदांचा आहे, हे ग्वँ यांच्या ध्यानात आले आणि १८८० मध्ये त्यांनी क्रियांच्या मालिकांवर आधारलेली पद्धत मांडली. मारिया माँटेसरी यांनी क्रियापदासाठी लाल वर्तुळाचे चिन्ह योजले आणि कृती लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती दिल्या. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचा जो प्रयोग केला, त्यातही कृती आणि अभिनयगीते यांना मोठे स्थान होते.

हिंगोलीच्या जिल्हा परिषद शाळांत हे वारे १९९० च्या दशकात पोहोचले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात परभणी जिल्ह्याचा समावेश होता आणि हिंगोली तेव्हा परभणीतच होती. त्याआधी, १९९१ मध्ये निश्चित झालेल्या किमान अध्ययन क्षमतांमध्ये व्याकरणाला ‘कार्यात्मक व्याकरण’ असे नाव मिळाले होते. नाव बदलले, पण क्षमता तपासताना शिक्षक पुन्हा रिकाम्या जागांकडेच वळले.

विरोधाभास असा की, क्रियापद शरीराने शिकण्याची संधी येथील मुलांना मराठीच्या तासाला न मिळता इंग्रजीच्या तासाला मिळाली. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आरंभी भर ऐकण्या-बोलण्यावर होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे शिक्षकाने ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘जंप’ म्हणावे आणि मुलांनी तसे करावे. इंग्रजीचे शिक्षणच न झालेल्या गुरुजींनाही हे जमण्यासारखे होते. मुलांना ते आवडण्याजोगेही होते. पण येथेही क्रियापद आज्ञेच्याच रूपात आले. उडी मारून झाल्यावर ‘मी उडी मारली’ असे सांगण्याची पाळी मुलावर येतेच असे नाही. ग्वँ यांच्या भाच्याने गिरणीत जे पाहिले ते सांगितले होते. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता.

धोरण आणि फळा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने बहुभाषिकता ही वर्गातील साधनसंपत्ती मानली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व नोंदविले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते अधिक ठळकपणे मांडले. यांपैकी कोणत्याही दस्तऐवजाचे हिंगोलीतील तिसरीच्या वर्गात काय रूप होते, हे अखेर फळ्यावर ठरते.

ते रूप खर्चिक असण्याचे कारण नाही. फळ्याचे दोन भाग करून एकीकडे मुलांनी सांगितलेले ‘आई भाकर करायलीय’ जसेच्या तसे लिहावे, दुसरीकडे ‘आई भाकरी करत आहे’ लिहावे. मग आईच्या जागी बाबा घालावे, मी घालावे, सगळे घालावे. दोन्ही बाजूंची क्रियापदे कशी बदलतात, हे मुलेच शोधून सांगू शकतात, कारण डावी बाजू त्यांना पूर्ण येते. पुस्तकी संज्ञा त्यानंतर यावी. ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ हे तेव्हा दोन्ही रूपांचे नाव होते. ज्या वर्गात तांड्यावरची मुले आहेत, तेथे फळ्याचे तीन भाग करावे लागतील आणि तिसऱ्या भागात काय लिहायचे ते शिक्षकाला मुलांकडून शिकावे लागेल.